अपग्रेडनंतर काळा स्क्रीन? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

समजा, उबुंटूने अपडेट सुचवलं, तुम्ही निघताना 'हो' म्हणालात, आणि सकाळी लॅबमध्ये मशीन सुरू केलं तर लोगोनंतर नुसता काळा स्क्रीन. किंवा डेस्कटॉप येतो, पण रिझोल्यूशन खालावलेलं आणि दुसरा मॉनिटर गायब. अशा वेळी शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो, "फॉरमॅट मार, तासाभराचं काम." ऐकू नका. तुमचा कोड आणि सिम्युलेशनचं आउटपुट डिस्कवर सहसा शाबूत असतं. बिघडलेलं असतं ते बहुधा नवीन कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांचं नातं.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बाहेरून येतो आणि प्रत्येक कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल वेगळं लागतं. बऱ्याच मशीनवर हे काम डीकेएमएस करतं: नवं कर्नल आलं की मॉड्यूल पुन्हा कंपाइल. हे कंपाइल फसलं, तर नव्या कर्नलला ड्रायव्हरच मिळत नाही.

उबुंटू २२.०४ चंच घ्या. २०२२ मध्ये ते ५.१५ कर्नलसोबत आलं. पुढे त्याच आवृत्तीवर ६.५ कर्नल आलं, ते जीसीसी १२ ने बांधलेलं. सिस्टिमचा मूळ कंपाइलर मात्र जीसीसी ११. झालं, कित्येकांचं मॉड्यूल तिथेच अडकलं. उपाय काय, तर जीसीसी १२ टाकायचं आणि डीकेएमएसला पुन्हा कामाला लावायचं. फॉरमॅट मारून तीच अपडेट्स पुन्हा घेतली असती, तर पुन्हा तिथेच आला असता!

मग शोधायचं कसं? मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचं कर्नल निवडा. स्क्रीन नीट आला, तर संशय नव्या कर्नलच्या मॉड्यूलवर. नाही आला, तर ड्रायव्हरचं पॅकेज किंवा डेस्कटॉपचं सेशन तपासा. प्रयोगात आपण हेच करतो ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे लोक एका दमात पाच कमांड चिकटवतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही.

नव्या कर्नलवर स्क्रीन काळा असला तरी मशीन अनेकदा जिवंत असतं. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टर्मिनल येतं का पाहा, नाहीतर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरा. 'डीकेएमएस स्टेटस' विचारा. मॉड्यूल इन्स्टॉल झालेलं दिसतंय, तरी लोड होत नाही? मग सिक्युअर बूट तपासा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' अशी तक्रार दिसली, तर मॉड्यूलची सही मशीनला ओळखीची नाही. रीस्टार्टवेळी निळ्या पडद्यावर की नोंदवायला सांगितलं होतं आणि आपण घाईत पुढे गेलो, असं बऱ्याचदा झालेलं असतं. उबुंटूचं आधीच सही केलेलं मॉड्यूल-पॅकेज घेतलं, तर ही कटकट राहत नाही.

कधी डेस्कटॉप ठीक दिसतो, पण पॅराव्ह्यूमध्ये मेश फिरवताना जीव जातो. रेंडररचं नाव 'एलएलव्हीएमपाइप' आलं, तर चित्र सीपीयू काढतोय, जीपीयू बसून आहे. आणि 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आलं, तर आधी फक्त रीस्टार्ट करा: लायब्ररी नवी आली, मेमरीत मॉड्यूल जुनंच आहे, एवढंच.

तुमच्यासाठी खरी मेख पुढे आहे. स्क्रीन परत आणताना ड्रायव्हर बदलला, कधी कुडाही बदललं, आणि लायब्ररी बदलली की शेवटच्या दशांशात आकडे हलू शकतात. अर्धे रन जुन्या ड्रायव्हरवर, अर्धे नव्यावर, हे परीक्षकाला काय सांगणार? म्हणून कर्नल, ड्रायव्हर आणि कुडा यांच्या आवृत्त्या प्रत्येक रनच्या लॉगमध्ये स्क्रिप्टनेच लिहून घ्या. दुरुस्ती झाली की एक जुना छोटा रन पुन्हा चालवा आणि आकडे ताडून बघा. जुळले, तरच पुढचा रन लावा.