जामीनदाराचा स्वार्थ

बँकेच्या कर्जप्रकरणात तीन पक्ष असतात. कर्जदाराला पैसे मिळतात, बँकेला व्याज मिळते, आणि तिसरा जो जामीनदार, त्याला मिळालाच तर अर्धा कप चहा मिळतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरते. कर्ज थकले की नोटीस त्याच्याही दारात जाते. नगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाखांमधून मी तीसेक वर्षे अशा सह्या घेतल्या. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तोंडात मात्र अजून नगरच येते.) सही करणाऱ्याला मी हे कलम सोप्या मराठीत समजावून सांगत असे. शांतपणे ऐकून घेऊन बहुतेक जण एवढेच विचारत, ‘कुठं करू सही?’

माझ्या एका सहकाऱ्याला याचे जराही नवल वाटत नसे. जामीनदार एक तर भावकीतला असतो, नाही तर उद्या त्याच्या प्रकरणाला हा उभा राहणार असतो, नाही तर सोसायटीची निवडणूक जवळ आलेली असते, असे तो म्हणे. फुकट कोणी काही करत नाही, हा त्याचा सिद्धांत. माणूस हुशार होता आणि दहातल्या सात प्रकरणांत त्याचे खरे निघे. उरलेल्या तिनांचे काय, असे विचारले तर म्हणायचा, ‘त्यांचा स्वार्थ अजून आपल्याला सापडलेला नाही.’ हिशेबातला फरक सापडेपर्यंत कॅशियर जसा घरी जात नाही, तसा हा विचार आहे. त्याला उत्तर देणे अवघड, कारण पुरावा कोणताही दिला तरी तो त्याच खात्यात जमा होतो.

सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाची एक हकिकत त्याचा चरित्रकार ऑब्री याने नोंदवून ठेवली आहे. माणूस मुळात स्वार्थी, असे सांगणाऱ्या हॉब्जने रस्त्यातल्या एका जराजर्जर म्हाताऱ्याला भीक घातली. शेजारच्या पाद्र्याने हटकले, तेव्हा हॉब्ज म्हणाला, त्याची दशा पाहून मला त्रास होत होता; त्याला दिल्याने माझाही त्रास कमी झाला. माझा सहकारी हे वाचून खूश झाला असता.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. नगर जिल्ह्यातल्याच नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, तेव्हापासून फळाची आशा न धरता कर्म करावे हे आपण ऐकत आलो. ऐकत आलो आणि देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरत आलो. सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवरही नाव असते. गंमत अशी की पंखा फिरू लागला, म्हणजे लोकांच्या उपयोगी पडू लागला, की ते नाव वाचता येत नाही. मार्चअखेर आयकराच्या ८० जी कलमाची पावती मागणारे दाते तर मी रांगेने पाहिले आहेत. त्यांना हसण्याचे मला कारण वाटत नाही. त्यांच्या पैशातून कुठे वसतिगृह उभे राहिले, कुठे शाळेला खोली मिळाली. एवढेच की आपण त्यांच्या हेतूची चौकशी करत बसत नाही. ती आपण दुसऱ्याच कोणाची करतो.

त्याकडे वळण्याआधी जामखेडला जायला हवे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य. १९६० साली लग्नाच्या वेळीच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचे ठरवले होते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांनी प्रकल्पाच्या गावांत हा आकडा तिसाच्या खाली आला होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला त्यांचे खरे शहाणपण दिसते ते दुष्काळातल्या विंधनविहिरींच्या हकिकतीत. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगावी विहिरी घ्यायच्या होत्या. त्या दलित वस्तीत घ्यायच्या असा आरोळ्यांचा बेत. समतेवर व्याख्यान दिले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि विहीर गावठाणात गेली असती. पाणी याच बाजूला लागेल, असे गावाला सांगण्यात आले. सवर्ण बाया हंडे घेऊन दलित वस्तीत येऊ लागल्या. कोणाच्या मनात परोपकार जागा करण्याची वाट आरोळ्यांनी पाहिली नाही; तहान होतीच, तिला कामाला लावले. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या काळात लोकांनी डोंगरउतारावर चर खोदले, शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत हा नियम पाळला, त्यात तरी गावाचे हित कुठे संपते आणि आपल्या विहिरीचे कुठे सुरू होते, हे कोण सांगणार?

आरोग्याचे काम आरोळ्यांनी गावातल्याच बायकांवर सोपवले. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण करणे, मुलांची वजने घेणे, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी देणे, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा रोगी वेळेत हुडकणे, हे त्या शिकल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना तशा झुंबरांची उपमा दिली, देखणी पण महाग, आणि आपल्यासारख्यांना वातीच्या साध्या दिव्यांची.

या कामाला ठरावीक पगार नव्हता. पोटासाठी शेळ्या, कोंबड्या, छोटे धंदे असत. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेच्या काळात अशीच एक बाई शेळ्यांच्या कर्जासाठी आमच्या शाखेत आली. कागद होईपर्यंत बोलणे निघाले. सहकाऱ्याचा सिद्धांत डोक्यात होताच. मी विचारले, पैसा मिळत नाही, तर मध्यरात्री दुसऱ्याच्या घरी बाळंतपणाला कशाला जाता? ती हसली. ‘नाय गेलं तर मला झोप लागंल का, सायेब?’

हॉब्जचेच उत्तर. शब्द तेवढे बीड रस्त्यावरच्या गावातले. सहकारी जागेवरच होता. त्याने माझ्याकडे ‘बघा’ अशा अर्थाने पाहिले. ती स्वतःच्या झोपेसाठी जाते, म्हणजे स्वार्थच झाला! पण मला तेव्हाच वाटले आणि आजही वाटते की प्रश्न तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. शेजारणीच्या कळांनी झोप उडते, असे मन कोणाचे असते? त्याच गल्लीतली इतर घरे तर घोरत असतात. जिला दुसऱ्याचे दुःख आपले म्हणून बोचते तिलाच आपण परोपकारी म्हणतो. तसे बोचलेच नाही तर शमवायचे काय? शिवाय तिला दुसरेही काही मिळत होते. पूर्वी गावात जिला नावाने कोणी हाक मारीत नसे, तिला आता पाटलाच्या वाड्यातून बोलावणे येई. हा लाभ मोठा आहे आणि तो तिने घेऊ नये असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

आणि नेमके तेच आपण आज म्हणतो. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगावी आशाताई आल्या. जामखेडसारख्या प्रयोगांनी जी वाट पाडली, तिच्यावरूनच. सरकारने त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठेवला. करोनाच्या काळात घरोघर फिरून, जून २०२१ मध्ये त्या महाराष्ट्रभर संपावर गेल्या तेव्हा चांगल्या सुशिक्षित माणसांकडून ऐकले, ‘सेवा म्हणायचे आणि पैसे मागायचे?’ हे म्हणणाऱ्यांत निवृत्तिवेतन घेणारे होते. मीही घेतो. माझ्या पगाराने, महागाईभत्त्याने आणि प्रवाससवलतीने माझ्या ग्राहकसेवेला बट्टा लागला असे कोणी कधी म्हटले नाही. तहसीलदाराच्या, शिक्षकाच्या, सिव्हिल सर्जनच्या हेतूची शुद्धता कोणी तपासत नाही. निरपेक्षतेची परीक्षा गरीब बाईलाच द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण झाली की बक्षीस म्हणून तिची मजुरी वाचवली जाते.

मेबेलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. प्रकल्प त्यांच्या मुलांनी पुढे चालवला. जननी सुरक्षा योजनेतला आशाताईंचा हिशेब मी पूर्वी एकदा, बँकवाल्याची खोड म्हणून, बारकाईने पाहिला होता. ग्रामीण भागात गरोदर बाईच्या तपासण्यांसाठी ३०० रुपये आणि दवाखान्यात बाळंतपण होण्यासाठी ३००. मग ताई जीप शोधायला दुपारी बाराला निघालेली असो की रात्री दोनला.