विश्लेषण : मूल बेपत्ता असल्याची तक्रार खुनाच्या तपासापर्यंत कशी पोहोचते? गावित प्रकरणाने काय शिकवले?

अंगारकीला टिटवाळ्यात महागणपतीच्या दर्शनासाठी लागणारी रांग, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधील रेटारेटी, कल्याण स्थानकातील पुलावरची गर्दी... अशा ठिकाणी मूल नजरेआड झाले, की पालकांच्या मनात पहिली शंका येते ती एखाद्या अनोळखी माणसाची. गर्दीतून मुले पळवणारी एक टोळी राज्यात खरोखरच होती आणि ती टोळी म्हणजे एक कुटुंब होते. मात्र ते उघडकीस आले, ते नात्यातल्या माणसांवर बोट ठेवणाऱ्या एका आईच्या तक्रारीमुळे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचे हे प्रकरण आजही पोलीस तपासाच्या चर्चेत का येते आणि मूल हरवल्यास आजचा कायदा काय सांगतो, याविषयी...

गावित प्रकरण नेमके काय होते?

अंजनाबाई गावित, तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित, तसेच रेणुकाचा पती किरण शिंदे हे या प्रकरणातील चौघे. पाकीटमारी आणि दागिन्यांची चोरी हा त्यांचा उद्योग होता. पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील मंदिरे, जत्रा, बस आणि रेल्वेस्थानके ही त्यांची ठिकाणे. १९९० च्या सुमारास एका चोरीत रेणुका पकडली गेली. तेव्हा कडेवर तिचे स्वत:चे मूल होते. ‘लेकुरवाळी बाई चोरी कशी करील?’ असा कांगावा करून ती सुटली. कडेवर मूल असले की संशय येत नाही आणि पकडले गेले तरी लोकांना दया येते, हे त्यातून टोळीच्या लक्षात आले. मग इतरांची मुले पळवण्याचे सत्र सुरू झाले. मूल मोठे झाले, रडू लागले किंवा अडचणीचे ठरले, की त्याला संपवले जाई. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षे हे सुरू होते.

ते उघडकीस कसे आले?

अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीने दुसरे लग्न केले होते. तो नाशिकमध्ये राहत होता. या दुसऱ्या संसारातील नऊ वर्षांची मुलगी १९९५ मध्ये बेपत्ता झाली. म्हणजे ती रेणुका आणि सीमा यांची सावत्र बहीण. मुलीच्या आईने थेट अंजनाबाई व तिच्या मुलींवर संशय व्यक्त केला. नवऱ्याच्या पहिल्या संसारातील राग हे कारण तिला ठाऊक होते. पुढे १९९६ मध्ये या तिघी पोलिसांच्या हाती लागल्या. त्याच कुटुंबातील दुसऱ्या मुलीलाही पळवण्याचा त्यांचा बेत होता, असे तपासात समोर आले.

एका घरातील सूडाचा हा गुन्हा असावा, असे सुरुवातीचे चित्र होते. चौकशी पुढे सरकली तसे एकेक मूल, एकेक शहर जोडले जाऊ लागले. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. बेपत्ता मुलीच्या एका तक्रारीचे रूपांतर मालिका हत्यांच्या तपासात झाले.

इतर मुलांच्या तक्रारींचे काय झाले होते?

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे. पळवलेल्यांमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या, भीक मागून पोट भरणाऱ्यांची मुलेही होती. मूल एका शहरातून उचलायचे आणि दुसऱ्या शहरात न्यायचे, ही टोळीची पद्धत होती. एका जिल्ह्यात बेपत्ता असलेले मूल आणि दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेला बेवारस मृतदेह यांची सांगड घालणारी यंत्रणा त्या काळी नव्हती. संगणकीकृत नोंदी नव्हत्या, सीसीटीव्ही नव्हते. नाशिकच्या आईकडे संशयिताचे नाव होते आणि तिने ते लावून धरले. इतर पालकांकडे सांगण्यासारखे नावच नव्हते.

न्यायालयात काय सिद्ध झाले?

गुन्हे घडून अनेक वर्षे लोटली होती. काही मुलांचे मृतदेह मिळाले नाहीत, काहींची ओळख पटली नाही. अशा वेळी किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष खटल्याचा कणा ठरली. मात्र गुन्ह्यात सामील असलेल्याच्या शब्दावर शिक्षा देताना न्यायालये स्वतंत्र पुराव्याचा आधार शोधतात. त्यामुळे साक्षीदारांनी मुलाला कोणासोबत पाहिले, मृतदेह कुठे सापडला, शवविच्छेदनात काय आढळले, याची जुळणी प्रत्येक मुलाबाबत वेगळी करावी लागली. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांनी खटला चालवला.

तेरा मुलांचे अपहरण आणि नऊ हत्या असा आरोप होता. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच अंजनाबाईचा कोठडीत मृत्यू झाला. कोल्हापूर सत्र न्यायालयाने जून २००१ मध्ये दोन्ही बहिणींना फाशी सुनावली. तेथे सहा हत्या सिद्ध झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००४ मध्ये त्यांपैकी पाच हत्यांबाबतचा निर्णय कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी फाशीवर शिक्कामोर्तब केले. आरोपातील नऊ आणि अखेर टिकलेल्या पाच यांतील अंतर हे तपास उशिरा सुरू झाल्याची किंमत सांगते.

फाशी का झाली नाही?

दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. त्यानंतर बहिणींनी उच्च न्यायालयात धाव घेतली. दयेच्या अर्जावर निर्णय होण्यास सात वर्षे, १० महिने आणि १५ दिवस लागले आणि हा विलंब प्रामुख्याने शासकीय यंत्रणेच्या ढिलाईमुळे झाला, असा निष्कर्ष न्या. नितीन जामदार आणि न्या. सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने काढला. १८ जानेवारी २०२२ रोजी फाशीचे रूपांतर जन्मठेपेत झाले. गुन्ह्याचे क्रौर्य न्यायालयाने अधोरेखित केले आणि तातडीने सुटका करण्याची मागणी मान्य केली नाही.

कायदा कधी बदलला?

या बदलाला धक्का मिळाला तो उत्तर प्रदेशातील निठारीमुळे. नोएडातील या वस्तीतून मुले बेपत्ता होत होती. पालक पोलिसांकडे खेटे घालत होते, पण तक्रारींची दखल घेतली गेली नाही. डिसेंबर २००६ मध्ये एका घरामागील नाल्यात सांगाडे सापडले. त्या प्रकरणातील दोन्ही आरोपींना अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्दोष ठरवले आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले. मुले गेली आणि दोषीही सिद्ध झाला नाही.

‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी निर्देश दिले. बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार प्रथम खबरी अहवाल म्हणून नोंदवावी आणि विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत मुलाचे अपहरण झाले आहे असे गृहीत धरून तपास करावा, हा त्यांचा गाभा. त्यामुळे १८ वर्षांखालील मुलाबाबत केवळ ‘मिसिंग’ नोंद करून थांबता येत नाही. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे सोपवावा लागतो.

पोलीस घरच्यांचीच चौकशी का करतात?

मूल हरवलेल्या आईवडिलांना हा अपमान वाटतो. ‘आमचे मूल गेले आणि आम्हालाच उलट प्रश्न?’ ही भावना स्वाभाविक आहे. पण मुलाला शेवटचे कोणी पाहिले, त्याची दिनचर्या कोणाला माहीत होती, ते कोणाच्या हाकेला न घाबरता गेले असते, याची उत्तरे घरातच मिळतात. मालमत्तेचा वाद, मोडलेला संसार, सावत्र नाते, जुने वैर या गोष्टी कुटुंबे पोलिसांपासून लपवतात. नाशिकच्या आईने त्या लपवल्या नाहीत, म्हणूनच तपासाला दिशा मिळाली.

आता जबाबांची पडताळणी मोबाइलच्या कॉल नोंदी, मनोऱ्यांचे लोकेशन आणि सीसीटीव्ही चित्रणाशी केली जाते. सापडलेल्या अवशेषांची ओळख पालकांच्या डीएनए नमुन्यावरून पटवता येते. खुनाचा पुरावा मिळताच अपहरणाच्या गुन्ह्यात कलमे वाढवली जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार अपहरणासाठी कलम १३७, खुनासाठी १०३ आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल २३८ ही ती कलमे. मृतदेह मिळाला नाही म्हणून खुनाचा गुन्हा सिद्धच होत नाही, असे नाही. मात्र इतर पुराव्यांची साखळी तेवढी भक्कम असावी लागते.

टिटवाळा परिसरात मूल हरवल्यास काय करावे?

येथे हद्दीचा गोंधळ होऊ शकतो. टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत असले, तरी पोलीस हद्द ठाणे ग्रामीणच्या कल्याण तालुका पोलीस ठाण्याची आहे. कल्याण शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे येते, तर फलाट आणि लोकलमधील गुन्हे कल्याण लोहमार्ग पोलिसांकडे. पण हद्द ठरवणे हे पालकांचे काम नाही. गुन्हा कुठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करावा लागतो.

‘२४ तास वाट पाहा’ असा कोणताही नियम नाही. ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर, रेल्वेत असल्यास १३९ वर लगेच कळवावे. मुलाचा अलीकडचा फोटो, त्या दिवशीचे कपडे, अंगावरील खुणा आणि शेवटी कोणासोबत दिसले, ही माहिती द्यावी. दुकाने व सोसायट्यांतील सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते, ते जपून ठेवण्याची विनंती पोलिसांकडे पहिल्याच दिवशी करावी. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. आणि घरात कोणावर संशय असेल, तर नात्याची भीड न ठेवता तो जबाबात नोंदवावा.

आव्हान कोणते?

कायद्याने तक्रार नोंदवणे बंधनकारक केले, पण तक्रार करायला कोणी तरी यावे लागते. फलाटावर झोपणारे, वीटभट्टीवर स्थलांतरित म्हणून आलेले किंवा घरातल्यांकडूनच जिवाला धोका असलेले मूल हरवले, तर ठाण्याची पायरी चढणार कोण, हा प्रश्न गावित प्रकरणाच्या वेळी होता आणि आजही आहे. शाळेत सलग गैरहजर राहिलेल्या मुलाची चौकशी करणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शेजारी यांच्यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे. बेपत्ता मुलाची तक्रार आईवडिलांनीच द्यावी, असे बंधन नाही. ती कोणीही देऊ शकते.