गोळीच्या आधीचा रेणू

सिटाग्लिप्टिनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळीत औषधी क्षाराची पांढरी भुकटी असते १२८.५ मिलिग्रॅम. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. डीपीपी-४ नावाचं विकर मात्र काही मिनिटांत त्याचा निकाल लावतं. सिटाग्लिप्टिन त्या विकराला अडवून धरतं. मर्क कंपनीच्या या औषधाला ऑक्टोबर २००६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डीपीपी-४ला अडवणाऱ्या औषधांच्या वर्गातलं ते पहिलंच.

एवढं डॉक्टर सांगतात. पण औषधाची किंमत, शुद्धता आणि ते बनवताना मागे राहणारा कचरा या तिन्ही गोष्टी गोळी पाडण्याच्या बऱ्याच आधी ठरतात. त्या टप्प्यावर रिअ‍ॅक्टरमध्ये असतो तो अर्धवट घडलेला रेणू. कारखान्यात त्याला सरसकट ‘इंटरमीडिएट’ म्हणतात.

मधुमेहाच्या सगळ्याच औषधांना एवढा व्याप लागत नाही. डायसायनडायअमाइड आणि डायमिथाइलअमाइन हायड्रोक्लोराइड एकत्र तापवलं की मेटफॉर्मिन तयार होतं. सिटाग्लिप्टिनचं तसं नाही. त्याच्या एका टोकाला फ्लोरिनचे तीन अणू मिरवणारं ट्रायफ्लोरोफिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल, दुसऱ्या टोकाला ट्रायझोलोपायपरझीन हे जोडवलय. दोन्ही स्वतंत्रपणे बनवून आणायची आणि मध्ये पूल घालायचा.

तो पूल म्हणजे मेल्ड्रम आम्ल, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. अँड्र्यू नॉर्मन मेल्ड्रम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०८मध्ये मॅलोनिक आम्ल आणि अ‍ॅसिटोन यांच्यापासून ते बनवलं. पुढे ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला आले. आम्लाची त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती. खरी रचना १९४८मध्ये उलगडली, तेव्हा मेल्ड्रम यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. ट्रायफ्लोरोफिनाइल आम्ल या मेल्ड्रम आम्लावर चढवायचं आणि ट्रायझोलोपायपरझीनबरोबर तापवायचं. अ‍ॅसिटोन आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, दोन्ही टोकं सांधली जातात आणि हाती येतो एक कीटोन. सिटाग्लिप्टिनच्या उत्पादनाची सगळी गोष्ट या कीटोनभोवती फिरते.

आता उरतं एकच काम: कीटोनमधल्या ऑक्सिजनच्या जागी अमाइन बसवणं. अडचण अशी, की ते दोन बाजूंनी बसू शकतं. तयार होणारे दोन रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे. अणू तेच, पण एकावर दुसरा ठेवला तर जुळत नाही. औषध म्हणून हवा तो त्यांतला एकच.

मर्कच्या पहिल्या मार्गाला आठ टप्पे लागत. चाचण्यांपुरतं औषध त्यातून मिळालं, पण किलोभर मालामागे २५० किलो कचरा पडे. दुसऱ्या मार्गात कीटोनला अमोनियम अ‍ॅसिटेट देऊन त्याचं एनामाइन केलं. आधीच्या तीन क्रिया एकाच भांड्यात, मधला माल बाहेर न काढता. शेवटी स्फटिक गाळून घ्यायचे, शुद्धता ९९.६ टक्क्यांच्या वर. मग ऱ्होडियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन. अशा रेणूतला नायट्रोजन आधी झाकावा लागतो, नाहीतर क्रिया नीट होत नाही, असा तोवरचा समज होता. मर्कने तो न झाकताच प्रयोग केला आणि तो जमला. कचरा ५० किलोवर आला. २००६मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

तरी ऱ्होडियम महाग, त्याचे अंश मालातून काढणं भाग. हायड्रोजनचा दाब सतरा वातावरणांचा. त्यासाठी खास रिअ‍ॅक्टर हवा. शिवाय नको असलेला जोडीदार थोडा उरतोच, म्हणून पुन्हा स्फटिकीकरण.

तिसरा मार्ग जीवशास्त्रातून आला. ट्रान्सअमिनेज जातीची विकरं हेच काम निसर्गात करतात, पण मर्क आणि विकरं घडवणारी कोडेक्सिस ही कंपनी यांनी निवडलेलं विकर या कीटोनला शिवतही नव्हतं. विकराच्या ज्या कप्प्यात रेणू बसतो, त्यात फ्लोरिनवालं वलय मावत नव्हतं. मग कीटोनचा छाटलेला, लहान नमुना देऊन कप्पा हळूहळू रुंदावला. पहिल्यांदा खरा कीटोन स्वीकारला गेला तेव्हा रूपांतर एक टक्काही नव्हतं. अकरा फेऱ्यांनंतर, २७ बदल पोटात घेतलेलं विकर लिटरमागे २०० ग्रॅम कीटोन पचवू लागलं, तेही निम्म्या डीएमएसओ द्रावकात, जिथे साध्या विकराचा टिकाव लागत नाही. हव्या त्या रेणूचं प्रमाण ९९.९५ टक्क्यांच्या वर गेलं. अमाइन पुरवायला आयसोप्रोपाइलअमाइन. त्याचं उरतं अ‍ॅसिटोन, ते ओढून काढलं की क्रिया पुढे सरकते. ऱ्होडियम गेलं, उच्च दाब गेला, एनामाइनचा टप्पाही गेला. एकूण कचरा आणखी १९ टक्क्यांनी घटला. २०१०मध्ये त्याच पुरस्कारावर मर्कचं नाव पुन्हा लागलं, या वेळी कोडेक्सिसबरोबर. विकरं अशी फेऱ्याफेऱ्यांनी घडवण्याची वाट दाखवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८मध्ये नोबेल मिळालं.

भारतात या रेणूची वाट कोर्टातूनही गेली. मुंबईच्या ग्लेनमार्कने २०१३मध्ये आपली सिटाग्लिप्टिनची गोळी बाजारात आणली. मर्कने पेटंटभंगाचा दावा लावला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५मध्ये मर्कच्या बाजूने निकाल दिला. जुलै २०२२मध्ये पेटंट संपलं, अनेक देशी कंपन्या उतरल्या आणि किमती कोसळल्या.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं, की सिटाग्लिप्टिनच्या काही नमुन्यांत एनटीटीपी नावाचं नायट्रोसामीन, म्हणजे कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या गटातलं रसायन, सापडलं आहे. त्याची दैनंदिन मर्यादा ३७ नॅनोग्रॅम. औषधाचा तुटवडा होऊ नये म्हणून काही काळ २४६.७ पर्यंत सूट दिली गेली. हे एनटीटीपी म्हणजे ट्रायझोलोपायपरझीनच, फक्त नायट्रोसो गट चिकटलेलं. म्हणजे संश्लेषणाच्या आरंभी आणलेल्या तुकड्याचा उरलेला अंश नायट्राइटशी गाठ पडून गोळीत अवतरतो. विकर कितीही हुशार असलं तरी या अंशाचं ते काही करू शकत नाही. त्यासाठी धुणं, स्फटिकीकरण आणि प्रत्येक लॉटची तपासणी हे उपाय करावे लागतात.

स्पर्धेत किलोमागचा दर खाली येतो तेव्हा कात्री आधी याच कामांवर येते, कारण त्यांतलं काहीही गोळीच्या पट्टीवर दिसत नाही. म्हणून स्वस्त सिटाग्लिप्टिनच्या उत्पादकाला भावाइतकाच नेटाने विचारायचा प्रश्न आहे: ट्रायझोलोपायपरझीन कुठून घेतलं आणि शेवटी किती उरलं?