गोकुलम ते नंजनगूड : सूर्यमालेची एक मोजणी

शाळेच्या भिंतीवरील सूर्यमालेच्या चित्राने आपल्या मनात एक चुकीची समजूत रुजविली आहे. त्या चित्रात सूर्य आणि आठही ग्रह एकमेकांस खेटून, हारीने मांडलेले दिसतात. चित्रकाराचा यात दोष नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांची अंतरे एकाच प्रमाणात दाखवील एवढा कागद आणावा कोठून? परंतु कागदावर जे साधत नाही ते भूमीवर साधते, आणि त्यासाठी म्हैसूर नगरी मोठी सोयीची आहे.

म्हैसूरच्या उत्तर भागात गोकुलम ही वसाहत आहे. तेथे सूर्य ठेवून, सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे १५ कोटी किलोमीटरांचे अंतर ८०० मीटर मानावे. या मापाने सूर्य म्हणजे दुमजली घराएवढा, सुमारे साडेसात मीटर व्यासाचा गोल होईल. सुपारीएवढा बुध त्यापासून ३१० मीटरांवर, शुक्र ५८० मीटरांवर, टेनिसच्या चेंडूएवढी पृथ्वी ८०० मीटरांवर आणि लिंबाएवढा मंगळ १२२० मीटरांवर येईल. हे चारही ग्रह पाव तासाच्या फेरफटक्यात पाहून होतात.

येथून पुढे मात्र अंतरे झपाट्याने वाढतात. पाऊण मीटर व्यासाचा गुरू सव्वाचार किलोमीटरांवर, म्हणजे राजवाड्याच्या आसपास येतो. शनीसाठी चामुंडीच्या टेकडीपर्यंत जावे लागते. युरेनस पंधरा किलोमीटरांच्या पलीकडे, आणि नेपच्यून थेट नंजनगूडला, २४ किलोमीटरांवर! हे दोन्ही ग्रह फुटबॉलहून किंचित मोठे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात हे मोजके गोल सोडले, तर उरते ते जवळजवळ सारे रितेपणच.

याच मापाने चंद्र पृथ्वीपासून दोन मीटरांवर असतो. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे त्यावर उतरली. मंगळ जवळात जवळ येतो तेव्हाही तो तीनशे मीटरांवर असतो. चंद्रावरील स्वारी आणि मंगळावरील स्वारी यांत केवढा फरक आहे, हे यावरून ध्यानी येईल. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळ पोहोचले ते १९८९ साली.

आणि प्रकाश? सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश या नकाशात सेकंदाला १.६ मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या गतीने जातो. गोकुलमहून निघालेला हा पादचारी आठ मिनिटे वीस सेकंदांत पृथ्वीवर आणि चार तासांहून थोड्या अधिक वेळात नंजनगूडला पोहोचतो. म्हणजे आपल्याला दिसणारा सूर्य हा नेहमीच सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा सूर्य होय.

नंजनगूडच्या पुढे हा पादचारी चालत राहिला, तर सूर्याचा सर्वांत निकटचा तारा त्याला केव्हा भेटेल? त्यासाठी दोन लक्ष चौदा हजार किलोमीटर, म्हणजे खऱ्या पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालण्याहूनही अधिक, चालावे लागेल. वाटेत कोठेही न थांबता त्याला सव्वाचार वर्षे लागतील. रात्री मिणमिणणाऱ्या ताऱ्यांपैकी जो आपला सख्खा शेजारी, त्याच्या घरची ही वाट आहे.