अंगणातला आठवडा

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत केलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगांचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी होता. माँटेसरी पद्धतीतील इंद्रियशिक्षण, म्हणजे स्पर्श, रंग, आकार, वजन यांतील भेद हाताळून ओळखण्याचे शिक्षण, त्यांना मान्यच होते. मात्र त्याची महागडी साधने वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून त्यांची जागा शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यावर गेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले व तेथे अनुताई वाघ यांनी ते पुढे वाढवले.

या विचाराने आखलेल्या बालवाडीच्या आठवड्यात दर तासाला विषय बदलत नाही. एकच वस्तू दिवसागणिक नव्या कामासाठी हाती येते. चिंचोक्यांचेच पाहावे. सोमवारी परडीतले चिंचोके आणि शिंपले वेगळे करताना मूल वर्गीकरण शिकते, मंगळवारी प्रत्येक शिंपल्यात एकेक चिंचोका ठेवताना एकास एक संगती, म्हणजे मोजणीचा खरा पाया, त्याच्या हाताला कळतो, आणि बुधवारी खडूच्या रेषेवर चिंचोके मांडताना बोटांचे लहान स्नायू पुढील लेखनासाठी तयार होतात. गुरुवारचा खेळ सर्वांत समृद्ध म्हणावा लागेल: फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळपट व दुसरी पांढरी असते, त्यामुळे चार अर्धुके फेकून जितकी पांढरी पडतील तितकी घरे पुढे जायचे असते, आणि एकही पांढरे न पडल्यास जागीच थांबावे लागल्याने शून्य पाटीवर येण्याआधी खेळात येते. (तीन वर्षांची मुले बी तोंडात किंवा नाकात घालतात, त्यामुळे ताईची नजर या वेळी हलता कामा नये.) बडबडगीते, गोष्टी, मातीकाम, भातुकली आणि हातपाय धुणे, नखे पाहणे हे रोजचेच असते.

चौथ्या वर्षीच पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याचा पालकांचा आग्रह समजण्यासारखा असला, तरी तो मुलावर अन्याय करतो, कारण हात तयार नसताना लादलेल्या लेखनातून मुलाला प्रथम अपयशाचीच ओळख होते. तीन ते आठ वर्षे या पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळालाच शिक्षणाचे माध्यम मानले आहे.

शनिवारी ताई नोंदवहीत गुणांऐवजी निरीक्षणे लिहिते: कोण अजून मोजताना एक बी दोनदा धरतो, कोण घरच्या बोलीतच बोलतो, कोण खेळात मागे राहतो, आणि पुढच्या सोमवारी परडीत काय ठेवायचे, हे या नोंदींवरूनच ठरते.