दोन तारामती

हरिश्चंद्राची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितली जात आहे. सत्यासाठी राज्यावर पाणी सोडणारा राजा, बाजारात विकली जाणारी राणी आणि स्मशानातील ती भयंकर रात्र हे सारे ठाऊक असूनही ऐकणाऱ्याचे डोळे दरवेळी पाणावतात. ह्याच कथेतील तारामती चित्रपटाच्या पडद्यावर दोन वेळा अशी अवतरली, की त्या दोघींमधील अंतर मोजू लागले असता आपल्या रंगभूमीचा, चित्रपटाचा आणि काही अंशी आपल्या घरांचाही इतिहास हाती लागतो. पहिली तारामती १९१३ साली आली, दुसरी १९३२ साली. पहिली वस्तुतः एक पुरुष होता; दुसरी महाविद्यालयात शिकलेली, दोन मुलांची आई होती. मधल्या १९ वर्षांत काय घडले, ते वाचकांपुढे मांडावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडे मागे जाणे अवश्य आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले. ह्या दोन्ही प्रसंगी, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, प्रमुख नाटकमंडळ्यांतून सीता, शकुंतला, सुभद्रा ह्या भूमिका पुरुषच करीत. सुस्वर गळ्याची, रेखीव चेहऱ्याची मुले शोधून आणावयाची, त्यांस तालीममास्तरांच्या हाती द्यावयाचे, आणि चालणे, बसणे, पदर सावरणे, मान वळवणे हे सर्व त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत घटवून घ्यावयाचे, हा मंडळ्यांचा क्रम होता. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर ह्यांनी सुभद्रेच्या भूमिकेने सारा महाराष्ट्र वेडा करून सोडला. १९०१ साली ते निवर्तले, तेव्हा आता सुभद्रा कोण करणार, ही चिंता केवळ मंडळीच्या मालकांचीच नव्हती, रसिकांचीही होती.

ही पद्धती शास्त्राला धरून होती किंवा नाही, असा प्रश्न कोणी विचारील. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भूमिकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या वयाचे व ज्या जातीचे पात्र, त्याच वयाच्या स्त्रीने वा पुरुषाने ते करणे ही अनुरूपा. बालकाने वृद्धाचे वा वृद्धाने बालकाचे सोंग घेणे ही विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे रूप घेणे ही रूपानुरूपिणी. म्हणजे पुरुषाने स्त्री होणे शास्त्रास अमान्य नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी दुसरीही एक कथा आहे, तिचा आपल्याकडे सोयीस्कर विसर पडला होता. शृंगाराला पोषक अशी जी कैशिकी वृत्ती, ती स्त्रियांवाचून केवळ पुरुषांकडून साधावयाची नाही, असे भरतमुनींनी ब्रह्मदेवास सांगितले, आणि तेवढ्यासाठी ब्रह्मदेवाने अप्सरा निर्माण केल्या. स्त्रीविना नाट्य अपुरे आहे ही गोष्ट शास्त्रकारांनी पहिल्याच अध्यायात मान्य केली होती. आपण मात्र तिसरा प्रकार तेवढा उचलला आणि पहिला अध्याय मिटून ठेवला.

ह्या तिसऱ्या प्रकाराचा परमोत्कर्ष म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस 'बालगंधर्व' म्हटले, आणि पुढे मूळ नाव मागे पडून तेच नाव उरले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ च्या मार्च महिन्यात मुंबईस संगीत मानापमानाचा पहिला प्रयोग व्हावयाचा, त्याच दिवशी त्यांची कन्या मृत्यू पावली. तरीही रात्री ठरल्याप्रमाणे त्यांनी भामिनी उभी केली. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. गडकऱ्यांच्या निधनानंतर अवघ्या महिन्याभरात, १९१९ च्या फेब्रुवारीत, एकच प्याला बडोद्यास रंगभूमीवर आले. भरजरी शालू आणि अत्तराचा दरवळ ह्यांविषयी ज्यांची ख्याती, त्या बालगंधर्वांनी दारूच्या पायी धुळीस मिळालेल्या घरातील सिंधू फाटक्या लुगड्यात उभी केली, आणि बोडसांच्या सुधाकराबरोबर तिला अजरामर केले.

१९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त मानापमानाचा प्रयोग हा त्या युगाचा कळस होय. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. केशवरावांनी स्वतः बालपणी शारदेची भूमिका गाजविली होती. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, केशवराव गेले.

वडील माणसांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे, की बालगंधर्वांनी रंगभूमीवर जे पातळ नेसावे, ज्या तऱ्हेने वेणीत फूल माळावे, ती तऱ्हा थोड्याच दिवसांत शहरातील घराघरांत दिसू लागे. कुलीन स्त्रीने कसे वागावे, हे कुलीन स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या! ह्यात गंमत आहे खरी. पण तिच्यापाठी एक कठोर सत्यही दडलेले आहे. ते पाहण्यासाठी आता चित्रपटाकडे वळावयाचे.

दादासाहेब फाळके राजा हरिश्चंद्र ह्या चित्रपटाच्या जुळवाजुळवीत होते, तेव्हा तारामतीसाठी त्यांस स्त्री मिळेना. त्यांनी जाहिराती दिल्या, घरोघर विचारणा केली, समाजाने ज्यांना आधीच दूर लोटले होते अशा स्त्रियांनाही विनविले. परंतु ह्या नव्या यंत्रापुढे उभे राहण्यास त्याही तयार होईनात. अखेर मुंबईतील ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. नाजूक बांधा, निमुळती बोटे. खाणावळीत मिळत होते त्याहून काही रुपये अधिक देऊन फाळक्यांनी त्यांस आणले, आणि दत्तात्रय दामोदर दाबके ह्यांच्या हरिश्चंद्रासमोर तारामती म्हणून उभे केले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बाकीच्या पुरुषांस स्त्रीवेषासाठी मिशा उतरविण्याची गळ घालणे हेही एक संकटच होते. कारण बाप जिवंत असता मिशी काढणे म्हणजे अशुभ, अशी तेव्हाची समजूत. मंडळीस फाळक्यांनी शिकवून ठेवले होते, की कोठे काम करता असे कोणी पुसल्यास 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' म्हणून सांगावे. कारण कारखान्यात जाणे प्रतिष्ठेचे, नट होणे अप्रतिष्ठेचे! ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लागला. हेच साळुंके १९१७ च्या लंकादहनात एकाच वेळी राम आणि सीता झाले, आणि पुढे छायाचित्रणाच्या कामातही शिरले.

परंतु त्याच १९१३ साली, फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर ह्या पुढच्याच चित्रपटात, दोन स्त्रिया पडद्यावर आल्या, आणि त्यांचे स्मरण आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई पतीपासून विभक्त. पदरी लहान मुलगी. अशा स्त्रीला त्या काळी दुसऱ्याच्या घरी राबणे ह्यावाचून सन्मानाचा म्हणावा असा मार्ग जवळजवळ नव्हताच. त्यांनी नाटकमंडळीचा मार्ग पत्करला आणि पुढे फाळक्यांच्या यंत्रापुढेही त्या उभ्या राहिल्या. कमलाबाई तेव्हा १३ वर्षांच्या आसपास. त्या पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर गाजल्या आणि त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. म्हणजे भरतमुनींचा तिसरा प्रकार त्यांनी उलट बाजूने सिद्ध केला. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू, हे वाचकांस विदित आहेच.

ह्या मायलेकींच्या वाट्यास आपल्या पांढरपेशा समाजाकडून काय आले? ज्या घरांतून बालगंधर्वांच्या सिंधूसाठी अश्रू ढाळले गेले, त्याच घरांतून खऱ्या स्त्रीने तोंडाला रंग लावला म्हणजे नाके मुरडली जात. पुरुषाने स्त्री होणे ही कला, आणि स्त्रीने स्त्री म्हणून उभे राहणे हा अधःपात, असा तो न्याय होता. बालगंधर्वांविषयीच्या आदरात तिळमात्र उणेपणा न आणता हे म्हणता येते, आणि म्हटले पाहिजे. तो दोष त्या थोर नटाचा नव्हे. त्याची थोरवी पाहून आपण जी पळवाट काढली, तिचा आहे.

पुढील बदल मात्र झपाट्याने झाला. १९२० साली कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनी सैरंध्रीत स्त्रियांकडूनच स्त्रीभूमिका करविल्या. १९३१ साली आपल्याकडे बोलपट आला, आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट प्रकाशित झाला. कथा तीच, हरिश्चंद्राची. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ज्यांनी मानापमानास चाली दिल्या आणि बालगंधर्वांबरोबर मंडळी काढली, तेच. आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाई मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातल्या, सेंट झेवियर महाविद्यालयात शिकलेल्या. सासरची श्रीमंती ओसरली, तेव्हा संसाराला हातभार लावण्यासाठी त्या चित्रपटाकडे वळल्या. १९३१ च्या फरेबी जाल ह्या चित्रपटातील लहानशा कामाने त्यांजवर टीकेचा भडिमार झाला. दुसरी कोणी असती तर तेथेच थांबली असती. परंतु तारामतीच्या भूमिकेने चित्र पालटले; भल्या घरची स्त्री पडद्यावर येऊनही भलीच राहते, हे ज्यांस पटवून घ्यावयाचे होते त्यांस पटले. पुढे मोगल-ए-आझममध्ये त्या जोधाबाई झाल्या, आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस लाभला. ज्या फाळक्यांस तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा सन्मान दुसऱ्या तारामतीस मिळावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

पडद्याने पुरुषाची स्त्रीभूमिका इतक्या लवकर का संपविली, ह्याचेही कारण पाहण्याजोगे आहे. नाटकगृहात नट आणि प्रेक्षक ह्यांच्यामध्ये अंतर असते, दिव्यांचा झोत असतो, साथीची वाद्ये असतात. त्या अंतरात प्रेक्षकाची कल्पना काम करते. समोरची व्यक्ती पुरुष आहे हे ठाऊक असूनही तो तिच्यात पत्नी, भगिनी, माता पाहू शकतो. आपल्या साहित्यशास्त्रात साधारणीकरण म्हणतात, त्याला हे अंतर साह्यकारी होते. कॅमेरा हे अंतर राहू देत नाही. तो चेहऱ्याला जाऊन भिडतो. पापणीची हालचाल, घोटलेल्या गालावरची निळसर छटा, हाताचे सांधे, सारे तो दाखवितो. बोलपट आल्यावर आवाजही लपेनासा झाला. १९३५ साली प्रभातने बालगंधर्वांस धर्मात्मामध्ये पुरुषभूमिकेत, एकनाथ म्हणून आणले. पण ज्यांनी त्यांस भामिनी म्हणून पाहिले होते, त्यांचे समाधान झाले नाही. १९३७ च्या साध्वी मीराबाईत ते पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर दिसले, आणि तेही साधले नाही. शेवटी ते आपल्या रंगभूमीकडेच परतले. १९६४ साली पद्मभूषण मिळून १९६७ साली ते निवर्तले.

तथापि ह्यावरून स्त्रीपार्टी नटांची साधना वाया गेली असे मात्र कोणी समजू नये. विष्णुपंत पागनीस हे स्वदेश हितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका करीत. पुढे ते भजने गात, आणि आमच्याच व्यवसायात, म्हणजे एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून काम करीत. १९३६ साली प्रभातने त्यांची संत तुकारामाकरिता निवड केली, तेव्हा त्यांच्या हालचालीतील बायकी मार्दव पाहून दिग्दर्शक दामले व फत्तेलाल ह्यांस प्रथम शंका वाटली होती. परंतु तेच मार्दव विठ्ठलापुढे लीन झालेल्या भक्ताच्या अंगी इतके शोभले, की तुकाराम म्हणजे पागनीस असे समीकरण होऊन बसले. चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यांच्यासमोर आवलीच्या भूमिकेत गौरी ह्या स्त्री नटीने जो रोखठोक संसारी सूर लावला, तोही तितकाच अस्सल आहे. एका बाजूस जुन्या परंपरेत घडलेला पुरुष, दुसऱ्या बाजूस शाळेतील किंवा मंडळीतील शिक्षणावाचून उभी राहिलेली स्त्री. दोघांच्या भेटीतून मराठी चित्रपटाचे एक उत्तम रत्न निपजले.

रंगभूमीनेही मग उशीर केला नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर ह्या संस्थेने आंधळ्यांची शाळा रंगभूमीवर आणले. त्यात केशवराव दाते ह्यांच्यासमवेत ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक ह्या सुशिक्षित स्त्रिया उभ्या राहिल्या. तेच दाते १९३७ च्या कुंकूत शांता आपटे ह्यांच्यासमोर जरठ नवऱ्याच्या भूमिकेत दिसले. ह्या चित्रपटातील तरुण नायिका विजोड विवाहापुढे मान तुकविण्याचे नाकारते. हे नकाराचे शब्द एका स्त्रीच्याच कंठातून यावेत, हेच उचित होते. पुरुषाने कितीही सुंदर म्हटले असते तरी ते उसनेच वाटले असते.

आमच्या मते ह्या इतिहासातून आपल्या घरांनी दोन गोष्टी घ्याव्यात. जुने नट ज्या निष्ठेने एकेक हालचाल वर्षानुवर्षे घासून घेत, ती निष्ठा आज आपल्या मुलांस सांगण्यासारखी आहे. संत तुकाराम, अयोध्येचा राजा, कुंकू हे चित्रपट आजही पाहावयास मिळतात. सुटीच्या दिवशी आजोबा-नातवंडांनी एकत्र बसून ते अवश्य पाहावेत, आणि पाहताना कोण कोठून आले हेही मुलांस सांगावे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बालगंधर्वांचे नाव आपण ज्या गौरवाने घेतो, त्याच गौरवाने दुर्गाबाई कामतांचे नावही घेतले जावे. त्यांच्या त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु त्यांनी पुढे टाकलेल्या पावलावाचून दुसऱ्या तारामतीची वाट मोकळी झाली नसती. तारामतीची कथा मुळात सत्यासाठी सोसण्याचीच आहे. पडद्यामागे तसेच सोसणाऱ्या ह्या माउलीस त्या कथेबरोबर आठवणे, हे आपणां सर्वांवरचे ऋण होय.