जीव वाचला, पण विद्या गेली

मराठीच्या अध्यापकाने तुरीच्या मुळांवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमच्या वर्गातला एक मुलगा गावाहून परतला, तो ओल्या फडक्यात गुंडाळलेले तुरीचे एक रोप घेऊनच. तास संपल्यावर त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, ह्या गाठी आतून पांढऱ्या का?" आमच्या महाविद्यालयात विज्ञानशाखा नाही, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला आला.

मुलगा मराठवाड्यातला, घरची शेती कोरडवाहू. पेरणीच्या वेळी त्यांनी जिवाणूखताचे पाकीट आणले होते. पाव किलोचे पाकीट दहा किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळायचे, बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. आई अंगणातून सारखी बजावत होती म्हणे, "उन्हात पसरू नको रे बी, त्यातला जीव मरंल!" सारे यथासांग झाले. मग पावसाने तीन आठवडे ओढ दिली आणि माती तापली. गाठी धरल्या, पण पांढऱ्या.

त्या गाठी खरे म्हणजे आतून गुलाबी हव्यात. गाठीत राहणारे रायझोबियम जातीचे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, आणि झाड त्यांना अन्न पुरवते. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. खताच्या कारखान्यात त्याचा अमोनिया करायला चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीत तेच काम मातीच्या साध्या उबेत होते. मात्र हे काम करणारे विकर मोठे नाजूक. प्राणवायू लागला की निकामी होते. म्हणून झाड गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीचे एक लाल द्रव्य तयार करते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि बेताबेताने सोडते. गाठ गुलाबी दिसली की समजावे, आत काम चालू आहे. पांढरी गाठ म्हणजे बिऱ्हाड आहे, पण कमावते कोणी नाही!

हे जिवाणू गाठींतून प्रथम वेगळे केले ते हॉलंडमधील बायरिंक यांनी, 1888 साली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ह्या जिवाणूंच्या जनुकांचा उलगडा होऊ लागला, आणि माझ्यासारख्या भाषेच्या माणसालाही चकित करील अशी गोष्ट बाहेर आली. जिवाणूने जगावे कसे, उष्णता, क्षार, दुष्काळ सोसावा कसा, हे शिकवणारी जनुके बहुतांशी त्याच्या मुख्य गुणसूत्रावर असतात. गाठ बांधण्याची आणि नत्र पकडण्याची जनुके मात्र पुष्कळ जातींत डीएनएच्या एका निराळ्या कड्यावर असतात. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. काही जातींत ती मुख्य गुणसूत्रातच, पण एका सलग तुकड्याच्या रूपाने असतात. थोडक्यात, अंगची काटकता घरात आणि विद्या दप्तरात!

आणि दप्तर हरवू शकते. क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या गाठींतले जिवाणू पोलंडमधील संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस 35 अंशांच्या आसपास वाढवले. जिवाणू जगले, वाढले. पण त्यांतल्या काहींचे ते कडे गळून पडले आणि गाठी बांधण्याची कला ते साफ विसरले. विद्याधन चोराला नेता येत नाही म्हणतात. इथे नुसत्या उष्णतेने ते नेले.

याच्या उलट प्रकार न्यूझीलंडमध्ये उघड्या शेतात घडला. ओटागो प्रांतातील एका माळावर लोटस नावाचा चारा पेरताना एकाच वाणाचे जिवाणू बियाण्याला लावले होते. तिथल्या मातीत ह्या पिकाशी जमणारे जिवाणू मुळी नव्हतेच. सात वर्षांनी गाठी उघडल्या, तो आत निरनिराळ्या वंशांचे स्थानिक जिवाणू! पाहुण्याने आपला विद्येचा तुकडा शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. सलिव्हन आणि रॉन्सन यांनी हे 1995 मध्ये प्रसिद्ध केले. तो तुकडा सुमारे पाच लाख अक्षरांचा आहे, हेही पुढे त्यांनीच दाखवले. माती स्थानिकांच्या अंगवळणी पडलेली, आणि कला आयती हाती आली.

ऐकायला हे फार छान वाटते, पण पश्चिम ऑस्ट्रेलियात ह्याच व्यवहाराची दुसरी बाजू दिसली. तिथे भूमध्य समुद्राकडून बिसेरुला नावाचे चाऱ्याचे पीक आणि त्याचा जिवाणू नेला होता. सहा वर्षांत स्थानिक जिवाणूंनी तो तुकडा उचलला. ते गाठी बांधू लागले, पण त्यांचे नत्राचे काम सुमार किंवा शून्य. 2006 आणि 2007 मधले हे निष्कर्ष वाचताना मला फडक्यातले ते रोप आठवले.

आपल्या जमिनीत तर तुरीच्या मुळांशी सलगी करणारे जिवाणू मुळातच पुष्कळ असतात. तेव्हा त्या शेतात घडले ते बहुधा असे : पाकिटातले कामसू जिवाणू तापल्या मातीत मेले, आणि तग धरून असलेल्या गावच्या ऐतखाऊंनी जागा बळकावल्या. आई म्हणाली ते खरेच होते. फक्त अंगणातल्या उन्हानंतर शेतातले ऊन उरले होते.

मग काटकता आणि विद्या एकाच ठिकाणी नांदतील कशी? मेक्सिकोतील संशोधकांनी 2008 मध्ये राजम्याच्या जिवाणूत ट्रेहॅलोज नावाची साखर अधिक बनेल अशी जनुकाची योजना केली. पाणी आटले की ही साखर पेशीतली प्रथिने आणि पातळ पडदे सांभाळते. त्या जिवाणूंच्या झाडांना गाठी जास्त आल्या. तीन आठवड्यांची रोपे पाण्यावाचून ठेवली, तेव्हा साध्या जिवाणूंची रोपे वाळून मेली. ही मात्र पाणी मिळताच सावरली. नियमित पाणी दिलेल्या झाडांचे उत्पन्नही निम्म्याहून अधिक वाढले. पण ही कुंड्यांतली कथा. जनुक बदललेला जिवाणू शेतात सोडायला आपल्याकडे 1989 च्या नियमांप्रमाणे परवानगी लागते, आणि ओटागोचा माळ पाहिल्यावर ती अट मला जाचक वाटत नाही. जो जिवाणू विद्या वाटत सुटतो, तो आणखी काय काय वाटील!

तोवर दुसरा, संथ मार्ग आहेच : तापत्या, कोरड्या शेतांत ज्या झाडांच्या गाठी गुलाबी निघतात, त्यांतलेच जिवाणू वेचायचे, वाढवायचे आणि पुन्हा पेरून पाहायचे.

मुलगा आता पदवी घेऊन गावी गेला आहे. यंदा ऑगस्टअखेर त्याचे पत्र आले. शेताच्या आठ कोपऱ्यांतली आठ रोपे उपटून त्याने आईसमोर गाठी कापल्या होत्या. पाच गुलाबी, तीन पांढऱ्या. गुलाबी निघाली ती सगळी बांधाकडेच्या बाभळीखालची, असे आईचे म्हणणे; त्याला ते पटलेले नाही. पुढच्या वर्षी तो सोळा रोपे उपटणार आहे.